चार टनांची आजी

यंदाच्या विज्ञानदिनाच्या प्रदर्शनात आठवी-नववीच्या मुलांनी ‘माझ्या घराचा कार्बन’ हा तक्ता मांडला होता, तो बहुतेक पालकांनी पाहिला असेल. प्रत्येक मुलाने आपल्या घरचे विजेचे बिल, गॅस, स्कूटरचे पेट्रोल आणि वर्षभरातला प्रवास लिहून घरातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो याचा अंदाज काढायचा होता. कल्पना चांगली होती, मुलांनी मेहनतही घेतली. पण शेवटच्या रकान्याने घोटाळा केला. तो रकाना होता ‘परदेशचा विमानप्रवास’.

नववीतल्या दोन मुलांच्या आज्या गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाऊन आल्या. दोघी मुंबईहून थेट नेवार्कला उतरल्या, दोघी साध्या वर्गात बसल्या, दोघी तशाच परत आल्या. एका मुलीच्या तक्त्यात आजीच्या नावावर दीड टन लिहिले होते. शेजारीच लावलेल्या एका मुलाच्या तक्त्यात चार टन. दोघांनी इंटरनेटवरच्या दोन वेगवेगळ्या गणकयंत्रांवरून आकडे घेतले होते आणि दोन्ही यंत्रांनी आकडा दिला, पण तो कसा आला ते सांगितले नाही. दुपारपर्यंत वर्गात ‘चार टनांची आजी’ हे नाव पडले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने तो रकाना पांढऱ्या शाईने पुसून टाकला होता. त्याची आई मुख्याध्यापिकाबाईंना भेटून गेली. मग विश्वस्त मंडळाच्या बैठकीत विषय निघाला आणि ठरले की पुढच्या वर्षीपासून तक्त्यात हा रकाना नको. मुलांची मने दुखावतात, आणि कोणाकडचे कोण परदेशात आहे याची चर्चा शाळेने का करावी?

मंडळाचा हेतू चांगला आहे. निर्णय मात्र मला पटलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे. चूक रकान्याची नव्हती, आम्हा गणित शिकवणाऱ्यांची होती. आम्ही मुलांना उत्तर उतरवून घ्यायला सांगितले, रीत शिकवली नाही. माणशी किती कार्बन हा भागाकार आहे, आणि भागाकारात छेद कोणता धरला हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नसतो, हे आपण पाचवीपासून शिकवतो. तेच येथे विसरलो.

तर आता तो भागाकार एकदा सावकाश करून पाहू. आकडेमोड सोपी आहे. सातवीच्या मुलालाही जमेल.

विमानाचे इंधन म्हणजे बारकाईने शुद्ध केलेले रॉकेलच. त्यात वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बन असतो. जळताना कार्बनचे १२ भाग हवेतल्या प्राणवायूच्या ३२ भागांशी जोडले जातात आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एक किलो इंधन जळले की तीन किलोंहून जास्त वायू निघतो. मुले हमखास विचारतात, एका किलोतून तीन किलो कसे? उरलेले वजन हवेतून आलेले असते. आंतरराष्ट्रीय हिशेबात हा गुणक ३.१६ धरतात. या साऱ्या प्रकरणात वाद नसलेला आकडा हा एवढाच. इथून पुढे प्रत्येक पायरीवर कोणीतरी काहीतरी ठरवलेले आहे.

पहिले अंतर. मुंबई ते नेवार्क पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर भरते. (भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये, प्रयोगशाळेतला पृथ्वीगोल त्यासाठीच आहे.) पण विमान दोऱ्यावरून जात नाही. वारा, वादळे, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आणि देशादेशांची भांडणे यांनी वाट वाकडी होते. २०१९ मध्ये काही महिने, आणि पुन्हा २०२५ मध्ये, पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेला जाणारी आपली विमाने लांबच्या वाटेने गेली. तिकीट तेच, शहरे तीच, इंधन मात्र जास्त. या वाकड्या वाटेसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, जिला सारे ‘इकाओ’ म्हणतात, लांबच्या प्रवासात १२५ किलोमीटर वाढवून धरते. ब्रिटन सरकारच्या पद्धतीत ८ टक्के वाढवतात. साडेबारा हजारांवर ८ टक्के म्हणजे एक हजार किलोमीटर! दोघेही जाणकार, दोघांचा हेतू प्रामाणिक, आणि पहिल्याच पायरीवर पावणेनऊशे किलोमीटरचा फरक.

दुसरे इंधन. बोइंग ७७७-३००ईआर या मोठ्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते, वजनाने १४५ टनांच्या आसपास. एवढ्या लांबच्या प्रवासात त्यातले बरेचसे लागते, आणि त्यातला काही भाग तर पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. आपण हिशेबापुरते ११० टन धरू. याला ३.१६ ने गुणले की ३४७.६ टन कार्बन डायऑक्साइड. हे एका बाजूचे, पूर्ण विमानाचे.

आता वाटणी. विमानात समजा ३४० जागा आहेत आणि ३०० माणसे बसली आहेत. सरळ भागले तर माणशी ११५९ किलो. पण थांबा. विमानाच्या पोटात माणसांच्या सामानाखेरीज व्यापारी मालही असतो. औषधे, कपडे, सुटे भाग, कधी आंब्याच्या पेट्याही. त्या धुराचा वाटा आजीने का उचलावा? समजा माल १० टन आहे. इकाओच्या रीतीप्रमाणे सामानासह प्रत्येक माणसाचे वजन १०० किलो धरायचे आणि विमानातल्या प्रत्येक जागेमागे खुर्ची, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह वगैरेंचे ५० किलो. माणसांचे ३० टन, जागांचे १७ टन, मालाचे १० टन. एकूण ५७ टन, त्यातले ४७ टन प्रवाशांच्या नावावर, म्हणजे साडेब्याऐंशी टक्के. ३४७.६ चे तेवढे टक्के काढले की २८६.६ टन. माणशी ९५५ किलो. आजीचे दोनशे किलो एका फटक्यात मालाच्या खात्यावर गेले.

आणि अजून खरी पंगत वाढलेलीच नाही. या ३०० जणांत समजा ४० जण पुढच्या महाग वर्गात आहेत. त्यांच्या खुर्चीचा पलंग होतो, पाय लांब करता येतात, म्हणजे विमानाची जागा ते जास्त घेतात. त्यांच्या जागी साध्या खुर्च्या टाकल्या असत्या तर आणखी माणसे त्याच इंधनात गेली असती. ब्रिटनच्या पद्धतीत लांबच्या प्रवासाला बिझनेस वर्गाचा वाटा साध्या वर्गाच्या २.९ पट धरतात. तसे केले तर २६० साधे वाटे आणि ४० गुणिले २.९ म्हणजे ११६ वाटे, मिळून ३७६. आता २८६.६ टनांना ३७६ ने भागा. साध्या खुर्चीतल्या आजीच्या वाट्याला ७६२ किलो येतात, आणि पडद्यापलीकडे झोपून जाणाऱ्याच्या वाट्याला २२१० किलो. जाऊन-येऊन आजीचे १५२४ किलो. झाले त्या मुलीचे दीड टन.

मग चार टन कुठून आले? तेही खोटे नाहीत. मालाचा वाटा काढला नाही आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजले, तर जाऊन-येऊन २३१७ किलो होतात. त्यावर आणखी एक गुणक लावला आहे, तो समजून घेण्यासारखा आहे.

विमान दहा-बारा किलोमीटर उंचावरून जाते. तिथली हवा इतकी थंड असते की इंजिनातून निघालेली वाफ काजळीच्या कणांवर गोठते आणि पांढऱ्या रेघा उमटतात. आपण लहानपणी त्यांना ‘रॉकेट गेले’ म्हणायचो. कधी त्या मिनिटात विरतात, कधी पसरून पातळ ढग होतात आणि जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाहीत. शिवाय इंजिनातून नायट्रोजनची संयुगे निघतात, त्यांचा ओझोनवर परिणाम होतो. १९९९ साली आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीने विमानांवर खास अहवाल काढला तेव्हापासून हे चर्चेत आहे. २०२१ मध्ये डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की विमानांमुळे होणाऱ्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपासच आहे आणि उरलेला या इतर गोष्टींचा, त्यातही रेघांचा मोठा. मात्र या इतर गोष्टींच्या आकड्यांत अनिश्चितता फार आहे, हेही त्यांनीच लिहिले आहे. रात्रीची रेघ दिवसाच्या रेघेसारखी वागत नाही, दमट थरातली कोरड्या थरासारखी नाही. तरी हिशेबात काहीतरी धरायला हवे म्हणून ब्रिटन सरकार आधी १.९ ने गुणत असे, २०२३ पासून १.७ ने गुणते. इकाओचे गणकयंत्र गुणतच नाही. २३१७ ला १.७ ने गुणा. ३९३९ किलो! ‘चार टनांची आजी’ ती हीच.

म्हणजे दोन्ही आज्या एकाच जातीच्या विमानात, एकाच प्रतीच्या खुर्चीत बसून गेल्या आणि एकीच्या डोक्यावर दुसरीच्या अडीच पटींहून जास्त ओझे आले. ते ओझे आजीचे नव्हते, दोन यंत्रांच्या ठरावांचे होते. माझ्या मते खरे उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे. मालाचा वाटा काढावा, वर्गाप्रमाणे वाटणी करावी, आणि रेघांचा गुणक लावावा पण वेगळ्या ओळीत, म्हणजे पक्के किती आणि अंदाजाचे किती ते दिसेल. तसे केले तर १५२४ किलो पक्के आणि त्यावर आणखी हजारेक किलो अंदाजाचे. त्या मुलाने पुसलेल्या जागी हे दोन आकडे लिहिले असते तर त्याला कोणी हसले नसते असे नाही, मुले ती मुलेच. पण त्याला उत्तर देता आले असते.

बैठकीत एका विश्वस्तांनी एक मुद्दा मांडला, तो बऱ्याच पालकांच्याही मनात असेल. विमान तर जाणारच होते, आजी बसली नसती तरी तेवढेच इंधन जळले असते, मग तिच्या नावावर एक किलो तरी का लिहायचे? एका खुर्चीपुरते पाहिले तर हे खरे वाटते. पण मग ३०० पैकी प्रत्येकाला हेच म्हणता येईल, आणि ३४८ टन धूर कोणाचाच राहणार नाही. शाळेच्या सहलीच्या बसचे भाडे वाटून घेताना ‘बस जाणारच होती’ असे म्हणणाऱ्या पालकाचे आपण ऐकतो का? कंपन्या तिकिटे किती खपतात ते पाहून पुढच्या मोसमाची उड्डाणे ठरवतात. विमान जाणार असते ते आपण सर्व मिळून त्याला पाठवतो म्हणून.

आता थोडे मोठ्या हिशेबाकडे वळू, कारण तेथे याहून मोठी गंमत आहे, आणि गंमत हा शब्द मी जरा कडवटपणेच वापरतो आहे. तक्त्याच्या तळाशी मुलांनी लिहिले होते की भारतीय माणसाचे वर्षाचे सरासरी उत्सर्जन सुमारे २ टन, आणि जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास. बरोबर आहे. पण त्या दोन टनांत आजीचा प्रवास आहे का? नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भरलेले इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. देश आपला अहवाल देताना ते खाली, वेगळ्या टिपेत लिहितात. १९९७ च्या क्योटो करारात हा प्रश्न इकाओकडे सोपवला गेला आणि तेव्हापासून हा धूर परदेशी पाहुण्यासारखा आहे, दिसतो सगळ्यांना, शिधापत्रिकेत कोणाच्याच नाही. मुंबईत भरलेले इंधन, इराण-तुर्कस्तानवर जळालेले, अमेरिकेत उतरलेले विमान, मधल्या समुद्रावर तर कोणाचेच राज्य नाही. कोणाच्या खात्यावर लिहायचे? ज्या देशात इंधन भरले त्याच्या? विमानाच्या मालकाच्या? प्रवाशाच्या देशाच्या?

निघण्याच्या जागेप्रमाणे लिहायचे म्हटले आणि लोकसंख्येने भागले, तर आइसलँड, कतार, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर असे देश वर येतात. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, आणि तिथे वर्षाला वीस लाखांच्या आसपास पर्यटक येतात. येणाऱ्यांच्या परतीचा धूर तिथल्या कोळ्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या नावे पडतो. कतार-अमिरातींत तर निम्मी माणसे नुसती विमान बदलायला उतरलेली. आपल्याकडे गोवा हा वेगळा देश धरला तर रशियाहून आणि इंग्लंडहून थेट येणाऱ्या पर्यटकांच्या परतीचा धूर म्हापशाच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या सरासरीत शिरेल. तिने विमान आतून पाहिलेले नसेल!

म्हणूनच मला ‘देशाची माणशी सरासरी’ हा आकडा या विषयात फारसा उपयोगाचा वाटत नाही. विमानप्रवास सगळ्यांमध्ये सारखा वाटलेलाच नाही. स्टेफान गॉसलिंग आणि आंद्रेआस हुम्पे या दोन संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की २०१८ साली जगातली फक्त ११ टक्के माणसे विमानात बसली, परदेशी गेलेली तर फार तर ४ टक्के. आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या धुराला जगातली १ टक्का माणसे कारण आहेत. हा आकडा मी नववीच्या वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग आपण कुठल्या टक्क्यात?” वर्गात ४४ मुले. हात वर करायला सांगितले. घरातले कोणीतरी परदेशी जाऊन आले आहे असे १३ निघाले. स्वतः गेलेली दोन. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या मराठी घरांत आता एखादे पोर तरी बाहेर असतेच, तरी एका वर्गात हा फरक. एका बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या घरी वर्षाचा सगळा धूर बाबांच्या स्कूटरचा, गॅसचा आणि पंख्याचा, आणि दुसऱ्याच्या घरी तेवढेच शिवाय एक अमेरिका. महिना पंधरा लिटर पेट्रोल जाळणारी स्कूटर वर्षाला ४१४ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. आजीची एक फेरी म्हणजे त्या स्कूटरची साडेतीन वर्षांहून अधिक धाव.

रकाना काढला तर हा फरक दिसणार नाही. स्कूटरवाल्या घराने दिवे विझवा, पंखा कमी लावा हे शिकायचे, आणि सर्वांत मोठा आकडा कागदावरच यायचा नाही. मुलांची मने दुखावतील म्हणून रकाना काढताना कोणाची मने जपली जात आहेत, याचा मंडळाने शांतपणे विचार करावा. माझा स्वतःचा मुलगा टोरोंटोला आहे आणि मी दोनदा जाऊन आलो आहे, म्हणजे हे मी स्वतःलाही धरून लिहितो आहे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. परदेशी जाणे म्हणजे चैन, असे समीकरण मुलांच्या डोक्यात बसणे मला मुळीच नको आहे, निदान बडोद्यात तरी नको. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षे राहिले. तेव्हा बोटीने जात, बोटही कोळसाच जाळे, पण समजा आज तसा विद्यार्थी विमानाने गेला, तर त्याच्या फेरीचे दीड टन तीन वर्षांना भागायचे की नाही? मी म्हणेन भागायचे. वर्षाला अर्धा टन आणि बदल्यात काय मिळाले ते सांगायला नको. आजी बाळंतपणाला गेली ती पाच महिने राहिली. एखादा गृहस्थ दोन दिवसांच्या बैठकीसाठी पुढच्या वर्गात झोपून जातो आणि वर्षात सहा वेळा जातो. त्याचे २२१० गुणिले २ गुणिले ६ म्हणजे साडेसव्वीस टन. आजीला आणि त्याला ‘परदेश प्रवास: होय’ अशा एकाच खुणेत बसवणे हा अन्याय आहे, आणि दोघांनाही रकान्याबाहेर ठेवणे हा त्याहून मोठा. आकड्याशेजारी किती दिवस राहिले आणि कशासाठी गेले, या दोन ओळी हव्यात. आजीने स्वतःच नातवाला विचारले म्हणे, “मी तिथं पाच महिने घर सांभाळलं, ते कुठं लिहिलंस?”

आता जरा शाळेकडे. पुढच्या वर्षी आपला महोत्सव आहे. माजी विद्यार्थ्यांना निमंत्रणे जायची आहेत आणि अमेरिकेतून साठेक जण तरी येतील असा समितीचा अंदाज आहे. यावेत, जरूर यावेत, शाळेच्या नव्या प्रयोगशाळेला हातभारही त्यांचाच आहे. पण साठ जणांच्या साध्या वर्गाच्या फेऱ्या म्हणजे सुमारे ९१ टन, आणि शाळेचे विजेचे वापर महिन्याला तीन हजार युनिट धरले, युनिटमागे सातशे ग्रॅम, तर पूर्ण वर्षाचे सुमारे २५ टन. म्हणजे त्या तीन दिवसांचा कार्बन शाळेच्या साडेतीन वर्षांच्या दिव्या-पंख्यांहून जास्त. आम्ही मुलांना वर्गाबाहेर पडताना पंखा बंद करायला सांगतो, तेव्हा हा आकडा कोणत्या फलकावर लिहिणार?

यावर तिकीट परत घ्या असे उत्तर नाही. एक साधी गोष्ट करता येईल. समितीने महोत्सव जूनमध्ये, स्थापनादिनाला धरून, योजला आहे. परदेशातली आपली बहुतेक मुले डिसेंबरच्या शेवटी घरी येतातच, लग्नेही तेव्हाच असतात. महोत्सव नाताळच्या सुट्टीत घेतला तर साठपैकी निम्म्यांची वेगळी फेरी वाचेल, त्यांचे पैसेही वाचतील आणि ४५ टनही. निमंत्रणाबरोबर एक छोटा प्रश्न विचारावा: आपण एरवीही या काळात बडोद्याला येणार होता का? जे ‘हो’ म्हणतील त्यांचा धूर शाळेच्या खात्यावर येणार नाही. स्थापनादिनाची पूजा जूनमध्ये नेहमीप्रमाणे होईलच.

झाडे लावून हिशेब फेडू, असेही सुचवले गेले आहे. झाडे लावावीतच, मैदानाच्या पश्चिमेला सावली हवीच आहे. पण धूर आज निघतो आणि रोपटे वीस-तीस वर्षे जगले तर फेडते. विमान कंपन्यांसाठीही इकाओने २०१६ मध्ये भरपाईची ‘कॉर्सिया’ नावाची योजना केली, ती भारताला २०२७ पासून लागू होते. त्यात कंपन्यांनी भरपाई करायची आहे ती २०१९ च्या ८५ टक्क्यांच्या वर जाणाऱ्या उत्सर्जनाची. खालचे सगळे तसेच. भरपाई हा मोजण्याला पर्याय नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

नव्या तक्त्याचा मसुदा मी मुख्याध्यापिकाबाईंकडे दिला आहे. विमानप्रवासाच्या रकान्यात आता एका आकड्याऐवजी सहा जागा आहेत: अंतर, खुर्चीचा वर्ग, पक्का कार्बन, रेघांचा अंदाज, किती दिवस राहिले, कशासाठी गेले. मुलांची नावे तक्त्यावर असणार नाहीत, फक्त हजेरी क्रमांकाऐवजी चिठ्ठीने काढलेले आकडे असतील, म्हणजे कोणाची आजी किती टनांची हे त्या घरापलीकडे कोणाला कळणार नाही. आणि पहिला तक्ता मुलांचा नसेल, शाळेचा असेल. वीज, बस, जनरेटरचे डिझेल, महोत्सवाचे पाहुणे, आणि विश्वस्तांपैकी जे शाळेच्या कामासाठी परदेशी गेले असतील त्यांच्या फेऱ्या, वर्गासकट.

मंडळाची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. पालकांनी आपले मत तोवर लेखी कळवावे, रकाना नको असेल तर तसेही कळवावे. त्या मुलाशी माझे बोलणे झाले आहे. तो पुन्हा हिशेब करायला तयार आहे, फक्त आजीच्या बोर्डिंग पासवर वर्ग कुठे लिहिलेला असतो ते त्याला सापडत नव्हते. आजीने तो कागद देवघरातल्या पोथीत जपून ठेवला आहे. उद्या आणून दाखवतो म्हणाला आहे.